अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा

मामेभावाचा फोन सकाळी आला. बाबा झोपेतच गेले, म्हणाला. मामा गेले ते त्याच्या नागपूरच्या फ्लॅटमध्ये. त्यांना राहायचं होतं आंधळगावात, जिथे त्यांनी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं.

गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा हलका झटका आला. नंतर ते नावं विसरू लागले; एकदा तलावाकडून परतताना घरची वाट चुकले. मामेभाऊ म्हणाला, आता नागपूरला चला. मामांनी स्वतःची परीक्षा स्वतःच काढली. एक हा अंक सहा वेळा शेजारी मांडला की त्या संख्येला तीन, सात, अकरा, तेरा, सदतीस यांनी भाग जातो, हे ते दरवर्षी वर्गात दाखवत. सातवा एक जोडल्यावर काय होतं, ते पाहायचं राहून गेलं होतं. ते म्हणाले, ही संख्या फुटते की अविभाज्य आहे ते हाताने काढीन. बरोबर आलं तर गाव सोडणार नाही, चुकलो तर बॅग भरा. भाऊ कबूल झाला.

मग रोज जेवणानंतर ओसरीच्या फरशीवर खडूने भागाकार, एकेक अविभाज्य संख्या घेऊन. मामी ओलं फडकं घेऊन शेजारी बसत. "काहो, किती उरले?" बाकी सांगितली की फरशी पुसली जाई. पुसलेलं पुन्हा मांडायचं नाही, ही त्यांची फळ्यावरची जुनी शिस्त.

हिवाळ्यात वर्तमानपत्राच्या नोकरीतून सुट्टी काढून मी गेलो, तेव्हा मी उत्तर मोबाइलवर पाहिलेलं होतं. मामांनी ते ओळखलं. "पेपरवाल्या, तुले मालूम हाये. तोंड बंद ठेव." त्या दिवशी पाळी दोनशे एकोणचाळीसची होती. एका वजाबाकीत दोनशे पंधराऐवजी त्यांनी दोनशे पंचवीस लिहिलं. "शंभर उरले." मामींनी फरशी पुसली.

ते पुढे चालत राहिले. एक हजार एक्कावन्न ही शेवटची; त्यापुढे पाहावं लागत नाही. त्या दुपारी फोन आला. "अविभाज्य हाये. आता बोल."

"नाही मामा. भाग जातो."

"कोनाचा?"

"दोनशे एकोणचाळीसचा."

"म्हनजे तेच्या दारातून वापस आलो मी." मग थकल्या आवाजात, "पोराले सांग, गाडी घेऊन ये म्हना."

मामा वारल्यावर काही आठवड्यांनी मी फ्लॅटवर गेलो. त्यांचा पलंग भिंतीला लागून आहे. पडल्यापडल्या ते भिंतीवर बोटाने दोनशे एकोणचाळीसचाच भागाकार करत, असं मामींनी सांगितलं. "रोज तेच करत. अन् रोज बाकी शून्य येते म्हनत, चार हजार सहाशे एकोनपन्नास पूर्न." मामींनी भावाकडे पाहिलं. "रोज बरोबर येत होतं ना रे... मंग आमाले काहून ठेवलं इथं?"

उशाजवळ भिंतीचा रंग हातभर पट्ट्यात घासून गुळगुळीत झाला आहे. मामी आता त्याच पलंगावर, भिंतीकडे तोंड करून झोपतात.