फायरवॉल विसरला तेव्हा

खुर्चीवर बसण्याआधी ते तिच्यावर तळहात ठेवून बघायचे. जरा जरी गरम लागली, की प्रश्न ठरलेला : "इथं कोण बसलं होतं?"

गंगापूर रोडवरच्या एका सहकारी बँकेत ते आमचे संगणक विभागप्रमुख होते. दोन हजार सालानंतरची ती पहिली वर्षं. तुमच्याही कचेरीत असा एखादा असेलच. चहा थंड आला तरी त्यांना त्यात कट दिसायचा.

शाखांतून आमच्या यंत्रणेत शिरणाऱ्या प्रत्येकाला फायरवॉल, म्हणजे राखणीचं यंत्र, दारात अडवायचा आणि पासवर्ड खरा की खोटा, हे आतल्या सर्व्हरला विचारायचा. त्या दोघांत ओळखीचा एक गुप्त शब्द ठरलेला असे.

दसऱ्याला रीतीप्रमाणे आम्ही सगळी यंत्रं बंद केली, पुसली, झेंडूच्या माळा घातल्या. हळदकुंकू वाहिलं कंत्राटावरच्या आमच्या इंजिनियर मुलीनं. ती सुरगाण्याकडची, तिला कायम करण्याचा कागद बँकेच्या मॅनेजरसाहेबांकडे सहीला पडलेला. दुसऱ्या दिवशी यंत्रं सुरू केली, तर एकाही शाखेला आत येता येईना.

"हिनंच सेटिंग बदललं," ते सगळ्यांदेखत म्हणाले. "पूजेच्या निमित्तानं एकटीच होती आत."

"सर, आधी तपासू तरी."

"तू तिची बाजू का घेतोस?" झालं, मीही संशयितांत जमा.

साहेबांनी तिला घरी जायला सांगितलं.

मग आम्ही सर्व्हरच्या नोंदी बघायला बसलो. फायरवॉल विचारत होता, पण गुप्त शब्द जुनाच सांगत होता. विभागप्रमुखांनी ती ओळ दोनदा वाचली. शब्द त्यांनीच बदलला होता. आमच्यातलं कुणीतरी तो फोडेल या धास्तीनं, दसऱ्याच्या आधी, कुणाला न सांगता. फायरवॉलवर बदल केला की तो जतन करायची वेगळी आज्ञा द्यावी लागते. तेवढी राहिली होती. यंत्र चालू होतं तोवर निभावलं. पूजेसाठी बंद केलं आणि ते नवा शब्द विसरलं.

गुपचूप शब्द टाकून हात झटकता आले असते. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, शब्द टाकला आणि तडक साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"चूक माझी आहे. पोरीचा काही संबंध नाही."

इतक्या वर्षांत तो माणूस मला त्या दिवशी पहिल्यांदा आवडला.

ती बाहेर बाकावर पिशवी घेऊन बसली होती. मी धावत जाऊन सांगितलं.

"मी घरी फोन केला, सर," ती म्हणाली. "बा म्हणला, ये निघून, भात कापाया आलाय." आणि ती स्टँडकडे चालू लागली.

ते तिच्यामागोमाग गेले. मीही स्टँडपर्यंत गेलो, तर ते सुरगाण्याच्या गाडीत तिच्यामागं चढताना दिसले.

सोमवारी ती कामावर आली. काय झालं, ते दोघांनीही सांगितलं नाही.

ते वारले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या संशयाचे किस्से निघाले की आम्ही अजून पोट धरून हसतो. ती हसत नाही. एकदा मी विचारलंच, "त्या दिवशी गाडीत काय म्हणाले गं?"

"काहीच नाही. वणीपर्यंत रडत होते."