अकोटच्या पत्रातली राख

त्या हंगामात अकोल्याच्या बाजारात कापसाच्या भावाखालोखाल बोलणं व्हायचं ते टपालाचं. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली होती आणि इकडे आमच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता. ज्यांच्या घरी पूर्वी सणावारी एखादा निरोप्या यायचा, त्यांच्या ओट्यावर आता डाकवाला थांबू लागला. अशातच एका अडत्याला लिफाफा आला. आत अक्षर एकही नव्हतं. नुसती काळी राख, मोहरी आणि केसांचा गुंता. त्याच आठवड्यात त्याचा बैल मेला. बैल म्हातारा होता, हे कुणी ध्यानात घेतलं नाही.

मग तसे लिफाफे आणखी आले. अमरावतीहून येणारे गाडीवानही तेच सांगू लागले. कुणी म्हणे ही करणी आहे, कुणी म्हणे टवाळ पोरांचे उद्योग. माझा संशय दलालांवर होता, कारण ज्याला लिफाफा यायचा तो घाबरून बाजारात यायचाच नाही, आणि त्याचं गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जायचं. पण सिद्ध कोण करणार? लोक शेजाऱ्याकडेही तिरक्या नजरेनं पाहू लागले. डाकवाल्याला प्यायला पाणी मिळेना.

घरचा कारभार माझ्याकडे होता आणि मला सगळं रांगेत लावायची सवय. मी घरच्यांना बजावलं: पत्र घरात न्यायचं नाही, ओट्यावरच ठेवायचं. फोडायचं मी, तेही चिमट्यानं. लेकराबाळांनी तेव्हा परसात जायचं. बायको हसली, पण पाळत होती. मायनं त्यात आपली भर घातली आणि ओट्याच्या कोपऱ्यात कडुलिंबाचा डहाळा खोचून ठेवला.

वेचणी ऐन भरात असताना अकोटहून पत्र आलं. माझी धाकटी बहीण तिथे दिली होती. तिला सातवा महिना होता आणि पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी येत्या दिवसांत तिला आणायला निघणारच होतो. थोरली बहीण आमच्या हातून अशीच गेली होती. तिला सासरहून पाठवलं नाही, आणि पहिल्याच बाळंतपणात ती आणि मूल दोघंही गेली. तेव्हापासून माय धाकटीचे दिवस बोटांवर मोजत होती.

मी चिमट्यानं लाख फोडली, घडी उलगडली आणि ओट्यावर राख सांडली.

"माय व!" माय दारातूनच ओरडली. "हात लावू नोको! फेक ते, चौकात नेऊन टाक!"

"वाचू तर दे."

"वाचून काय करतं? दिसून नाही राह्यलं काय?"

पत्र मोडीत होतं, तिच्या सासरच्या कारकुनाच्या वळणदार अक्षरात. लिहिलं होतं की सूनबाईंची प्रकृती उत्तम आहे, बाळंतपण इथेच व्हावं अशी त्यांचीच इच्छा आहे, तरी आपण आणायला येण्याची तसदी घेऊ नये.

मी मोठ्यानं वाचलं. माय उंबऱ्यावर बसली.

"तिची इच्छा? माह्या पोरीची? त्या लोकायनंच काहीतरी केलं रे. राख धाडली वरून!"

मला दोन्ही गोष्टींचा संशय आला, पत्रातल्या इच्छेचा आणि माय म्हणत होती त्या करणीचाही. वेचणीला मजूर मिळत नव्हते, मिळाले तर त्यांना रांधून घालायला घरची बाई हवी. म्हणजे तिला ठेवून घेण्यात कुणाचा फायदा होता ते दिसतच होतं. पण स्वतःच्या नावानं पत्र धाडून त्यात करणीची राख कोण घालेल? शिवाय ही राख काळी नव्हती. पांढुरकी होती, मऊ, चाळून घेतल्यासारखी. मोहरीचा दाणा नाही, केस नाही. मी चिमूट उचलून नाकाशी नेली. माय पुन्हा ओरडली, आणि एकाएकी थांबली. वास तिच्यापर्यंत गेला होता.

"लोबान हाय," ती म्हणाली.

आमच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधाला लागूनच, एका पीराचं ठाणं आहे. गुरुवारी तिथला मुजावर लोबान जाळतो. त्या राखेला आम्ही अंगारा म्हणतो आणि आजारपणात कपाळाला लावतो. अकोटच्या त्या घरात लोबान कधी जळला नव्हता. तिथे धूप आणि कापूर. धाकटीला सासरी धाडताना मायनं या अंगाऱ्याची पुडी तिच्या पदराला बांधली होती आणि सांगितलं होतं, पहिल्या बाळंतपणाला येशील तेव्हा ही देवापाशी परत ठेव.

"तिनंच टाकली," माय उठली. "गाडी जुंप."

पत्रानं नको म्हटलेलं असताना जाणं म्हणजे व्याह्यांना खोटं पाडणं. न जाणं काय असतं ते आम्हाला ठाऊक होतं. मी पहाटे निघालो, रात्री वाटेत मुक्काम केला.

अकोटला तिची सासू अंगणात कापसाच्या ढिगाजवळ उभी होती.

"या पाव्हणे. पत्र नाही पोचलं काय तुमाले?"

"पोचलं, इहीनबाई. पत्र पाहूनच तर आलो."

"मंग त्याच्यात तर..."

"हो. रीतीप्रमाणं बहिणीले न्यायले आलो."

तिनं कारकुनाकडे पाहिलं. कारकून आपल्या बोटांवरची शाई पाहत राहिला. मागच्या दारात धाकटी उभी होती, पीठ लागलेल्या हातांनी. कुणी काही म्हणण्याआधी तिनं हात धुतले आणि येऊन गाडीत बसली.

गाव मागे पडल्यावर मी विचारलं, "तू राख टाकली ते त्यायले समजलं नाही काय?"

"आतून सारं ऐकलं म्या, काय लिवून राह्यले ते. मंग घडी घालायले कागद माह्याच हाती देला."

"अवं, तिकडं राखेचं केवढं भेव हाय! मायनं पत्र चौकात नेऊन जाळलं असतं तर?"

"भेव अकोटातबी हाय, दादा. मले काय समजत नव्हतं?"

"मंग टाकली काहून?"

तिनं पदराची गाठ सोडून उरलेली पुडी दाखवली.

"दुसरं काय होतं माह्यापाशी?"

मी बैल हाकले. पूर्णा ओलांडेपर्यंत मी सारखा मागे वळून पाहत होतो, त्यांची गाडी येते की काय म्हणून.