काकडीचं लगन

काकडी चिरताना तो हिरवा, गार वास आला की मला फेब्रुवारीतल्या एका रविवारचं लग्न आठवतं. दक्षिणा ठरली होती अकरा रुपये आणि हजर होतो तिघे, मी, बायको आणि शेजारच्या मावशी, त्याच भटजी. बालाघाटच्या आमच्या गच्चीवर मी सहा बाय आठ फुटांचं हरितगृह उभारलं होतं आणि कीड शिरू नये म्हणून जाळीची एकेक फट सुतळीनं शिवली होती. वेल छताला टेकले, पिवळी फुलं भरभरून आली, पण काकडी काही धरेना. "या आठवड्यात नाही लागली, तर हे काढून मी इथं वड्या वाळू घालीन," बायकोनं बजावलं. मावशींनी फुलं पाहिली, जाळी पाहिली आणि त्या हसतच सुटल्या. "काहून जी भाऊ, मधमाशीले आत यायले जागा तरी ठेवली का? आता हे लगन तुमालेच लावा लागते." मग मावशींनी एक नर फूल खुडलं, ते आणि वेलावरचं मादी फूल यांच्यामध्ये मी रुमालाचा आंतरपाट धरला, मावशींनी मंगलाष्टक म्हटलं, बायकोनं हसू दाबत अक्षता टाकल्या. रुमाल बाजूला होताच मावशींनी नर फूल मादी फुलाला अलगद टेकवलं. पाच-सहा दिवसांत त्या फुलामागची काकडी बोटभर झाली आणि वड्या अंगणातच वाळल्या. आता मी रोज सकाळी जाळीचं दार उघडं ठेवतो. अकरा रुपये मात्र मावशींनी घेतले नाहीत. "पैसे राहू द्या, पयली काकडी मले द्या." ती दोनशे ग्रॅम भरली, आणि अख्खी मावशींना दिली.