माहेरचं नाव

चंडीगडला आमच्या सेक्टरात कुणाला स्वतःचं नाव म्हणून नव्हतं. कागदावर असायचं, पण हाका मारायला वेगळंच. मी गुड्डी, समोरची गुड्डी, मागच्या क्वार्टरमधलीही गुड्डी. धाकटा भाऊ नुकता चालायला लागलेला, त्याला सगळे काका म्हणायचे, कारण तिकडे लहान पोराला काकाच म्हणतात. आमची आजी, बाबांची आई, गावाहून यायची तेव्हा कपाळाला हात लावायची. आणि आई होती 'गुड्डी दी मम्मी'. घरात तरी काय वेगळं होतं? बाबा तिला 'अगं' म्हणायचे, ती त्यांना 'अहो'. तिचं नाव मला ठाऊक होतं ते आजी तिला त्या नावाने हाक मारायची म्हणून. लग्नात बाबांनी ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलेलं नाव ते. त्याआधी तिचं दुसरं एक नाव होतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

मी मुळातच भित्री. त्यात नुकतंच युद्ध होऊन गेलेलं. खिडक्यांच्या काचांवर ब्लॅकआउटचा काळा कागद अजून चिकटलेला होता आणि शाळेच्या मैदानातले खंदक बुजवले नव्हते. रस्त्यात कारखान्याचा भोंगा झाला तरी मी जमिनीकडे बघायची, कुठे पडायचं म्हणून. मी तिसरीत होते.

एक दिवस शाळेतून आले तर दाराला कुलूप. आई मला कुलूप कधी दाखवायची नाही. शेजारच्या बीजींनी मला आत ओढलं. भाऊ त्यांच्या मांडीवर रोटी चघळत बसला होता. आईच्या पोटात फार दुखायला लागलं, उभं राहवेना, म्हणून त्यांच्या सुनेने तिला रिक्षात घालून हॉस्पिटलात पोचवलं होतं. सुनेचं तान्हं घरी रडत होतं, म्हणून ती आईला आत नेल्यावर लगेच परतली होती. बाबा दौऱ्यावर, कुठेतरी शिमल्याच्या पुढे. तिथे ना फोन, ना काही.

बीजींचे यजमान, आम्ही त्यांना दारजी म्हणायचो, त्यांनी मला सायकलच्या मागे बसवलं. रुंद रस्ते, एकामागून एक चौक, सगळे सारखे. मी त्यांचा कुर्ता मुठीत धरला होता आणि मनात एकच चाललं होतं, आई मेली तर नाही ना. दारजी म्हणाले, "घबराना नहीं पुत्तर." त्यांचाच आवाज कापत होता, मग मी कशी घाबरणार नाही?

वॉर्डाच्या दाराशी नर्सने विचारलं, नाव काय. दारजींनी माझ्याकडे बघितलं. इतकी वर्षं शेजार, पण त्यांना तरी कुठे माहीत होतं? मी आजी घ्यायची ते नाव सांगितलं, आडनावासकट. नर्स म्हणाली, या नावाची कुणी आलेली नाही. दुसऱ्या वॉर्डात पाठवलं. तिथेही नाही. मग आम्ही पुन्हा पहिल्या वॉर्डाशी आलो, तेवढ्यात पांढरी चादर तोंडापर्यंत ओढलेलं स्ट्रेचर आमच्या जवळून गेलं. ढकलणारा माणूस दुसऱ्याला म्हणाला, "पूरी हो गई विचारी." गेली बिचारी, म्हणजे. तोवर मला पंजाबी चांगली कळायला लागली होती. न कळती तर बरं झालं असतं.

नर्सला दया आली असावी. म्हणाली, पोटदुखीची आणखी एक आहे, आणि एक नाव घेतलं. पुढे 'देवी' जोडलेलं. नुसतं नाव सांगितलेल्या बायकांना तिथे सर्रास देवी जोडायचे. हिचं ऑपरेशन अडलंय, सही द्यायला घरचं कुणी आलेलं नाही, बघून घ्या. कोपऱ्यात हिरवा पडदा लावलेला होता. दारजी परक्या बाईच्या पडद्याआड कसे जाणार? आणि मी? पडद्यामागे काय दिसेल याची मला इतकी धास्ती होती की पाऊल उचलेना. मी तिथूनच मोठ्यांदा म्हणाले, "नहीं, वो हमारी मम्मी नहीं है."

आम्ही जायला निघालो. जिन्यापाशी नर्स मागून धावत आली. हातात रुमालाची पुरचुंडी. म्हणाली, त्या बाईच्या गळ्यातलं काढून ठेवलंय, काळे मणी असलेलं असलं काही आमच्याकडे कुणी घालत नाही, तुमच्यापैकीच आहे का बघा. तिने रुमाल उघडला. दोन वाट्या, त्यातली एक चेपलेली. दात येत होते तेव्हा आमच्या काकाने ती चावून चावून चेपली होती. मी किंचाळले की नाही आठवत नाही. दारजी म्हणतात, किंचाळलीस.

नर्सने विचारलं, तुम्ही पेशंटचे कोण. दारजी पगडी सारखी करत म्हणाले, "वड्डा भरा." मोठा भाऊ. आणि त्यांनी सही केली. डॉक्टर नंतर म्हणाले, अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं, आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं.

बाबा आल्यावर सगळं ऐकून हसले. "अगं, स्वतःचं नाव विसरलीस होय?" आई म्हणाली, "कळ आली होती. माहेरचंच तोंडाला आलं, ते सांगितलं." ती हसली नाही. त्यावर घरात पुढे कुणी बोललं नाही. मी मात्र कित्येक दिवस शाळेतून पळत घरी यायची आणि आधी कुलूप बघायची.

माझं लग्न चंडीगडलाच झालं, सेक्टरातल्या कम्युनिटी सेंटरमध्ये. लक्ष्मीपूजनाला ताटात तांदूळ पसरले. सासूबाईंनी नवं नाव ठरवून आणलेलं, चांगलं होतं, मला आवडलंही होतं. ह्यांनी अंगठी तांदळाला टेकवली, तोच आईने ताटावर हात ठेवला. चारचौघांत कधी तोंड न उघडणारी माझी आई. "नाव राहू द्या तिचं," म्हणाली. सासूबाईंच्या भुवया वर गेल्या. बाबा "अगं, अगं" करत राहिले. हे बिचारे अंगठी धरून तसेच बसले. आईने हात काढला नाही.

नंतर मी तिला आतल्या खोलीत गाठलं. ती ते तांदूळ डब्यात परत ओतत होती. मी चिडलेच होते. म्हटलं, लोकांसमोर हे काय केलंस?

"तू पडद्यापलीकडून म्हणालीस ना, वो हमारी मम्मी नहीं है," ती म्हणाली. "ऐकलं मी. तुला हाक मारायची होती, पण तोंडातून आवाज फुटेना. मग तुमची पावलं लांब जायला लागली."

तिने डब्याचं झाकण लावलं. ते नीट बसेना. तिने ते काढून पुन्हा लावलं.