चादरीचं वाक्य

आमची आत्या एका हॉटेलच्या तळघरात इस्त्री करते. स्पॅनिश बोलणारे पाहुणे वाढले, म्हणून मी तिला चार वाक्यं शिकवली. 'आब्लो' म्हणजे मी बोलते, 'उन पोको' म्हणजे थोडंसं. उशीच्या एका अभ्र्याला एक शब्द आणि चादरीला पूर्ण वाक्य, असं इस्त्री फिरवता फिरवता तिने सगळं घोकलं. कॉलर आली की मात्र सगळं लक्ष तिच्यात, तोंड बंद.

काल मी तिला डबा द्यायला गेले, तर एक सुटाबुटातला पाहुणा चुरगळलेला शर्ट घेऊन थेट खाली आला. कसं बोलावं ते त्याला सुचेना. शेवटी त्याने विचारलं, ''के इदियोमास आब्ला?'' तुम्हाला कुठल्या भाषा येतात?

''अगं, हे तर माझं चादरीचं वाक्य!'' आत्या मला म्हणाली आणि बोटं मोजू लागली. माहेरची, सासरची, बाजारातली, साहेबांची. नोकरीच्या अर्जात याच प्रश्नापुढे तिने 'एकही नाही' लिहिलं होतं. शाळेत न शिकलेली भाषा कुठे धरायची असते, असं तिचं म्हणणं. आता चार बोटं बघून ती स्वतःच चाट पडली. मग अंगठा वर करून ऐटीत म्हणाली, ''एस्पान्योल, उन पोको! इ उस्तेद?'' आणि तुम्ही?

पाहुणा ओशाळला. ''सोलो एस्पान्योल.'' फक्त स्पॅनिश.

आत्याने चादरींचा ढीग बाजूला सारला आणि त्याचा शर्ट आधी करून दिला. तो गेल्यावर हळहळली, ''बिचारा! एवढा मोठा माणूस, आणि एकाच भाषेवर दिवस काढतोय गं.''