पोट्टं दगड हाय जी

महाल भागात कूलरदुरुस्तीचं दुकान चालवणारा शालिकराम आपल्या वस्तूला कधी चांगलं म्हणायचा नाही. पाहुणा जेवायला बसला, की बायकोने, कामिनीने घाम गाळून केलेल्या वांग्याच्या भाजीकडे बोट दाखवून म्हणणार, "पानीच हाय जी, गोड मानून घ्या." मग पाहुण्याने "असं कसं, असं कसं" म्हणत दुसऱ्यांदा वाढून घ्यायचं. आपण नावं ठेवायची आणि समोरच्याने ती खोडून काढायची, असा हा बापापासून चालत आलेला व्यवहार. आजवर तो कोणी मोडला नव्हता.

पोराच्या बाबतीतही त्याचं तेच. प्रीतम तोंडाने अख्खा धडा सांगायचा, पण कागदावरच्या अक्षरांशी त्याचा उभा दावा. पालकसभेत सरांनी तोंड उघडण्याआधीच शालिकराम सुरू व्हायचा, "पोट्टं दगड हाय जी. काई उपेग नाई त्याचा." सर ओशाळून म्हणायचे, "नाही हो, गुणी आहे तसा." तोवर प्रीतम मान खाली घालून वर्गाबाहेर गेलेला असायचा. हा 'गुणी' शब्द शालिकराम घरी नेऊन कामिनीला ऐकवायचा. पोराच्या वाट्याला तेवढा 'दगड' यायचा.

नववीत प्रीतम नापास झाला आणि हेडमास्तरांनी बापलेकांना बोलावलं. शाळेचा दहावीचा निकाल दरवर्षी शंभर टक्के लागायचा. कच्ची पोरं नववीतच गाळली, की तो लागतोच. पण या खेपेला वर्गशिक्षिका अरुंधती मॅडम आधीच येऊन बसल्या होत्या.

"सर, तोंडी विचारा, सगळं येतं त्याला. वाचण्याचीच अडचण आहे, ती तपासून घेऊ. त्याला एक वर्ष द्या."

हेडमास्तर थोडे विरघळल्यासारखे दिसले. शालिकरामकडे वळून म्हणाले, "तुमचं काय म्हणणं?"

शालिकरामला मॅडमचे पाय धरावेसे वाटत होते. तोंडातून निघालं ते नेहमीचंच.

"मॅडम मोठ्या मनाच्या हायेत जी. पोट्टं दगड हाय."

आणि तो वाट पाहत उभा राहिला. आता खोडून काढायची पाळी त्यांची होती.

"बघा मॅडम," हेडमास्तर म्हणाले, "बापच म्हणतो."

"तसं नाई जी, ते आपलं बोलाची रीत म्हनून..."

पण शिपायाला हाक गेली होती. पालक स्वखुशीने दाखला नेत आहेत, पोरगा दहावीला बाहेरून बसेल, असा अर्ज झाला. मॅडम खिडकीबाहेर पाहत राहिल्या. शालिकरामने सही केली.

परतताना स्कूटरवर प्रीतम मागे बसला होता.

"मी म्हनलो म्हनून तू तसा नाई गा," शालिकराम म्हणाला.

"मंग कसा हाओ?"

शालिकरामने शब्द शोधला. दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचे शब्द त्याने स्वतः कधी वापरलेच नव्हते. सिग्नल लागला, सुटला.

"भूक लागली का तुले?"

"नाई," मागून आवाज आला. "घरी नका नेऊ. मले दुकानातच उतरवा."