बोट आधी धुवा

मला निवड करायला सांगू नये. साडी घ्यायला महाद्वार रोडला गेले की मी चार दुकानं पालथी घालते, पहिल्याच दुकानात परत येते, आणि घरी आल्यावर तिसऱ्या दुकानातली बरी होती म्हणून आठ दिवस हळहळते. अशा बाईला आमच्या डॉक्टरांनी हॉस्पिटलसाठी शुगर तपासायचं मशीन निवडायला सांगितलं. "इन्चार्ज तुम्ही, वापरणार तुम्ही, मग ठरवाही तुम्हीच," असं म्हणून ते ऑपरेशनला निघून गेले.

मशीन बदलायची पाळी का आली ते आधी सांगते. दिवाळीनंतर गुऱ्हाळं सुरू झाली, त्या दिवसांत पन्हाळ्याच्या बाजूचा एक गुळव्या आमच्याकडे दाखल झाला. काहिलीच्या मोठ्या कढईत आटणारा उसाचा रस नेमका कधी उतरवायचा हे ठरवणारा तो माणूस, त्यामुळे हंगामात त्याला जागचं हलता येत नाही. पायाची जखम चिघळेपर्यंत तो काहिलीपाशीच उभा होता. शुगर आहे हे घरात माहीत होतं. शेवटी बायकोने त्याला कामावरून उठवून तसाच आणला. मी स्वतः त्याचं बोट स्पिरिटच्या कापसाने पुसलं, टोचलं आणि थेंब मशीनवर घेतला. आकडा आला तीनशे शहाण्णव.

मी बायकोकडे वळले आणि भर वॉर्डात तिला फैलावर घेतलं. काय गोडधोड चारलंत याला, नवरा जड झालाय का, असलं काहीबाही बोलले. ती म्हणत होती, "काय बी दिल्यालं न्हाय ओ सिस्टर. सकाळधरनं चा सुदीक न्हाय." मी ऐकलं नाही. काही दिलं नाही म्हणून शपथा घेणारे आणि पिशवीत पेढे घेऊन फिरणारे नातेवाईक मी ढिगाने पाहिले आहेत. ती गप्प झाली, आणि मला वाटलं, बघा, सापडली.

डॉक्टरांनी फोनवर इन्सुलिन सांगितलं, मी दिलं. तास-दीड तासात तो माणूस घामाने निथळला, बरळायला लागला, मग हाक मारली तरी डोळे उघडेना. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर शुद्धीवर आला. तेवढ्यात, आल्याआल्या शिरेतून घेतलेल्या रक्ताचा लॅबचा रिपोर्ट वर आला. दाखल होतानाची त्याची खरी शुगर होती एकशे अठ्ठावन्न. म्हणजे मशीन खोटं बोललं होतं. सगळ्यांनी मशीनच्या नावाने बोटं मोडली, मी सगळ्यांत जास्त. त्याच संध्याकाळी मी ते कपाटात कोंबलं आणि नव्याची मागणी केली.

दोन कंपन्यांनी दोन मशीनं वापरून बघा म्हणून दिली होती. एक खिशात मावेल एवढं, त्याला रक्त अगदी टिपक्याएवढं लागायचं, पण थेंब घ्यायच्या त्याच्या पट्ट्यांची डबी जरा उघडी राहिली तर आमच्या पावसाळ्यात पट्ट्या सादळतील अशी मला धास्ती. दुसरं चांगलं हातभर, पण पेशंटच्या मनगटावरचा नावाचा पट्टा वाचल्याशिवाय चालूच व्हायचं नाही. ज्याचं रक्त लॅबला जाणार, त्याच्या बोटाचा थेंब त्याच वेळी दोन्ही मशीनवर घ्यायचा आणि तिन्ही आकडे वहीत शेजारी-शेजारी लिहायचे, असं ठरलं. मी दिवसातून दहादा वही उघडायचे. एकात चार जास्त, दुसऱ्यात सहा कमी. यातलं कुठलं उद्या कुणाचा तरी जीव घेईल, तेवढंच मला त्यात दिसायचं. जयसिंगपूरहून रोज येणारा आमचा लॅबवाला चिडवायचा, "सिस्टर, दोन्ही पोरी चांगल्या हायत. एकीला हो म्हणा की."

नवव्या दिवशी एका म्हातारीचे आकडे आले दोनशे एक्क्याण्णव आणि तीनशे चार. लॅबचा आला एकशे बेचाळीस. मी वही घेऊन खाली धावले. लॅबवाल्याने पुन्हा तपासलं, आकडा तोच. तो चिडवायचं विसरला आणि म्हणाला, "दोन येगळ्या कंपन्या, सिस्टर. दोघी एकाच टायमाला एकच खोटं कशाला बोलतील?"

मी वर गेले. म्हातारी कॉटवर बसून शेजारणीसाठी चिकू सोलत होती. मघाशीही हेच करत होती का, मी विचारलं. "व्हय की. मी न्हाय खाल्ला बरं का, हिलाच सोलून देतो," ती घाईघाईने म्हणाली. तिची बोटं चिकट होती. मी तिला बेसिनपाशी नेलं, साबणाने हात धुवायला लावले, कोरडे केले आणि पुन्हा टोचलं. एकशे सत्तेचाळीस. एकशे एकोणचाळीस.

मग मी तिच्याकडून एक चिकू मागून घेतला, सोलला, नेहमीप्रमाणे स्पिरिटने बोट पुसलं आणि स्वतःला टोचलं. दोनशेच्या वर. हात धुऊन टोचलं तर अठ्ठ्याण्णव. स्पिरिटने साखर जात नव्हती. मी मात्र अठ्ठावीस वर्षं हेच करत आले होते आणि हाताखालच्या प्रत्येक पोरीला हेच शिकवलं होतं.

गुळव्याचं बोट पुसलेला कापूस मला आठवला. तपकिरी झाला होता. मी तो मळ समजले होते. कपाटातलं जुनं मशीन काढून धुतलेल्या बोटांवर तीन दिवस लॅबशी ताडून पाहिलं. चांगलं चालत होतं.

निवड एकदम सोपी झाली. मी अहवालात पट्टा वाचणारं मशीन घ्यावं असं लिहिलं. निदान एकाचा आकडा दुसऱ्याच्या नावावर जाणार नाही. पण बोट धुतलंय का, हे विचारणारं मशीन कुठलीच कंपनी बनवत नाही, ते मलाच विचारायचं होतं. अहवाल तिथेच संपवता आला असता. कुणालाच काही कळलं नसतं. तो कागद दोन दिवस माझ्या ड्रॉवरमध्ये पडून होता. नोकरी जाईल, पोरी मागे हसतील, असलं सगळं मनात आलं, लाज वाटली, तरी शेवटी खाली लिहिलंच, की त्या दिवशी चूक मशीनची नव्हती, बोट न धुता मी थेंब घेतला होता.

डॉक्टरांनी वाचलं, कागद उलटा ठेवला. मग एवढंच विचारलं, "लॅबचा रिपोर्ट त्याच्या बायकोला कुणी सांगितला होता?"

कुणीच नाही. आम्ही सगळे मशीनला शिव्या घालण्यात गुंतलो होतो.

पुढच्या ड्रेसिंगला दोघं आली. ओपीडीच्या बाकावर तो पाय लांब करून बसला होता, ती शेजारी. मी तिच्यासमोर उभी राहून सगळं सांगितलं. माझा आवाज इतका खाली गेला होता की तिला दोनदा "काय?" म्हणावं लागलं.

"म्हंजी मी काय बी चारल्यालं नव्हतं," ती म्हणाली.

"नाही."

"ते मला म्हाईतच हाय. तुमास्नी आत्ता कळालं व्हय?"

मग तिने पुढचं सांगितलं. तिच्या सासूने तेव्हापासून तिला नवऱ्याच्या ताटाला हात लावू दिला नव्हता. स्वयंपाकही सासूच करायची. ही नवऱ्याला मारायला निघाली होती, दवाखान्यातल्या सिस्टरनं पकडली, असं भावकीत सांगून झालं होतं. नवरा खाली मान घालून म्हणाला, "मी लई सांगून बघितलं. आय ऐकत न्हाय."

तिने पिशवीतून मोबाईल काढला, नंबर लावला, आवाज मोठा करून माझ्यासमोर धरला. "आत्ती, दवाखान्यातल्या सिस्टर बोलत्यात, ऐका," असं सासूला म्हणाली आणि मग मला, "त्या दिशी समद्यांच्या म्होरं बोललासा. आता बी तसंच मोठ्यांदा बोला."

बाकांवर वीसेक माणसं होती. माझ्या हाताखालच्या दोन पोरीही दारात उभ्या होत्या. मी मोठ्याने सांगितलं, की तुमच्या सुनेने काही दिलं नव्हतं, हाताला गूळ लागलेला होता, तो मी धुतला नाही, चूक माझी, तुमच्या मुलाचा जीव माझ्यामुळे धोक्यात आला. पलीकडून सासूचा आवाज आला, "तिला म्हणावं, येताना भाजी घेऊन ये. सैपाक तूच कर."

तिने फोन बंद केला, डोळ्यांना पदर लावला, नवऱ्याच्या काखेत हात घालून त्याला उठवलं. मी म्हणाले, "मला माफ करा."

"माफीचं फुडं बघू, सिस्टर," ती म्हणाली. "आज मला घाई हाय."